ठकूचं तळं आणि दोन वीत पाणी

एक होती बाग. ती कुठल्या गावात होती ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच बघायला निघाल, आणि निघताना देवापुढच्या शिळ्या फुलांची पिशवी बरोबर घ्याल. त्या पिशव्यांनीच तर सगळा घोळ घातला. तेव्हा आधी गोष्ट ऐका, मग काय करायचं ते करा.

बाग मोठी देखणी होती. पिवळाधमक झेंडू, लालभडक कर्दळ, पांढरीशुभ्र तगर, आणि कोपऱ्यात पहाटे नारिंगी देठांची फुलं सांडणारा पारिजातक. पण बागेच्या मधोमध जे तळं होतं, त्याच्याकडे बघवत नव्हतं. एकेकाळी तिथे निळं निळं पाणी होतं, गुलाबी कमळं होती, इवल्या निळ्या पंखांचे चतुर पाण्यावर बसले न बसले तोच उडायचे. आता पाणी काळं पडलं होतं. वर हिरवा चिकट थर, त्यात कुजलेले हार, आणि असा वास की माणसं नाकाला पदर लावून पलीकडून जायची.

तळ्याच्या काठी एक झोपडी होती. तीत येसू राहायची, वय वर्षं नऊ. तिची धाकटी बहीण ठकू, वय वर्षं पाच. आणि त्यांची आई. आई देवळात झाडलोट करायची आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलींचे आबा या बागेचे माळी होते. गेल्या वर्षी श्रावणात त्यांना ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले.

ठकूला काहीच कळलं नव्हतं. तिने विचारलं, "आक्का, आबा कुठं गेलं?"

येसूने आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होती. मग येसूच्या तोंडाला आलं ते ती बोलून गेली. "तळ्यात हायेत. कमळाखाली निजल्यात. लई दमलेत ना."

खोटं बोलायला एक क्षण लागतो. ते सांभाळायला मात्र रोज उठावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून ठकू तळ्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. त्या घाणेरड्या पाण्याला ती सगळं सांगायची. आज भाकरी करपली. आज मांजरीला तीन पिल्लं झाली. आज आक्काने माझी वेणी घट्ट घातली, दुखतंय. सांगून झालं की ती थोडा वेळ वाट बघायची, आणि मग घरी यायची.

आणि येसू रोज संध्याकाळी देवावरून उतरवलेला एक हार आणायची, त्याच्या दोऱ्याला स्वतः गाठ मारायची आणि तो तळ्यात सोडायची. आबांसाठी. गावातले सगळेच तसं करायचे. देवाचं फूल कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून पाण्यात सोडायचं, ही तिथली रीत होती. आबा असताना माणसं त्यांच्याच हातात फुलं द्यायची. आबा नव्हते, तर सरळ तळ्यात टाकायची. आपण काही वाईट करतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर बागेचे कारभारी दाजीबा आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या नाकाला फार सोसत नव्हतं. रुमालाआडून ते आईला म्हणाले, "वहिनी, गावात डासांनी उच्छाद मांडलाय. तुळशीचं लग्न होऊ दे. दुसऱ्या दिवशी दगडमातीच्या गाड्या आणतो आणि हे डबकं बुजवून टाकतो."

आई नुसती हो म्हणाली. दाजीबा गेल्यावर ठकू येसूला येऊन चिकटली. तिचे हात गार पडले होते.

"आक्का, आबांच्या अंगावर दगड टाकनार?"

येसूला तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी उजाडताच तिने आबांचं फावडं घेतलं. फावडं तिच्यापेक्षा उंच होतं. तळं कसं साफ करतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण नवीन माणसाला असतो तसला दांडगा उत्साह तिच्याजवळ होता. तिने हिरवा थर ओढला, मुळं उपटली, शेवाळ खरवडलं, आणि सगळं घमेल्यात भरभरून कुंपणाबाहेर उन्हात नेऊन टाकलं. दुपारपर्यंत तळ्याची एक बाजू अगदी कोरी करकरीत झाली. येसूला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

मग ती शेवटचं घमेलं घेऊन कुंपणाबाहेर गेली आणि तिथेच थांबली. सकाळचा ढीग वाळला होता. त्यात करंगळीच्या नखाएवढे शंख होते, तांदळाच्या दाण्याएवढे मासे होते, पंख फुटायचे राहिलेली चतुराची पिल्लं होती. सगळी मेली होती. येसू त्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसली आणि रडत रडत एकेक पान उलटून बघायला लागली. तीन मासे अजून हलत होते. परकराच्या ओच्यात पाणी धरून तिने ते पळत तळ्याशी आणले आणि हलकेच सोडले.

"चौथी मी आहे," कुणीतरी म्हणालं. आवाज मोहरीच्या दाण्याएवढा होता.

येसूने बघितलं. पायरीजवळ कुजलेल्या हारांचा एक गुंता तरंगत होता. त्यात बोटभर उंचीची एक परी अडकली होती. तिचा झगा कमळाच्या पाकळीचा होता, पण चिखलाने तपकिरी झालेला. एका पंखावर अजून थोडी निळी, थोडी सोनेरी चमचम शिल्लक होती. दुसऱ्या पंखात हाराचा दोरा रुतला होता आणि पंख अर्ध्यात चिरला होता.

येसूने हलक्या हाताने गुंता सोडवायला घेतला. शेवटी एक गाठ आली. दुहेरी गाठ, वर एक उलटा फास. ही गाठ आबांनी येसूला शिकवली होती. गावात तशी गाठ दुसरं कुणी मारत नव्हतं.

"हा हार माझा हाय," येसू म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "मी आबांसाठी सोडला होता."

"ठाऊक आहे," परी म्हणाली. "प्रेमाने सोडला होतास. पण पाण्याला ते कसं कळणार, बाळ? फूल कुजतं आणि पाण्याचा जीव गुदमरतो. दोरा तर कुजतही नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं येसूला वाटलं.

परी तिच्या तळहातावर बसली. "तू मला सोडवलंस, तेव्हा मी तुला इच्छा देणं लागते. पण नियम ऐक. माझी जादू या पाण्यातून येते. एका इच्छेला एक वीत पाणी आटतं. बघ किती उरलंय ते."

येसूने फावड्याचा दांडा पाण्यात उभा केला आणि ओल्या खुणेवर वीत ठेवून मोजलं. दोन वीत.

"मग दोन इच्छा. दुसरी मागितलीस की पाणी संपलं, आणि मीही संपले. आणखी दोन नियम आहेत. जे माणूस गेलं ते इच्छेने परत येत नाही. आणि तळं इच्छेने साफ होत नाही. ते हातांनीच करावं लागतं."

येसूच्या ओठांवर नेमक्या त्याच दोन गोष्टी आल्या होत्या. तिने त्या गिळून टाकल्या.

"मग मला काम शिकवा," ती म्हणाली.

"ते शिकवते. त्याला पाणी लागत नाही," परी म्हणाली, आणि पहिल्यांदाच जराशी हसली. "तळ्याचे तीन भाग कर. एकाच भागाला हात लाव, दोन तसेच राहू देत. ज्याला तू घाण म्हणतेस ते कुणाचं तरी घर आहे. काढलेलं शेवाळ पाण्याच्या अगदी काठाशी ठेव, एक दिवस आणि एक रात्र. ज्यांचं घर आत आहे ते आपापल्या पायांनी परत जातील. आणि हार, फुलं, दोरे मात्र सगळे बाहेर."

येसू कामाला लागली. रोज थोडं काढायचं आणि काठाशी ठेवायचं. दुपारी त्या ढिगातून इवले इवले शंख टुकुटुकू पाण्याकडे निघालेले दिसायचे. ठकू त्यांना पानांनी सावली धरायची. पण काम फार हळू चालायचं. येसूच्या हातांना फोड आले, पायांना जळवा लागल्या, आणि सकाळी जितके हार बाहेर काढावेत तितकेच संध्याकाळी पुन्हा आत यायचे.

शेवटी ती रोज संध्याकाळी टोपली घेऊन पायरीवर उभी राहायला लागली. "फुलं माझ्याकडं द्या," ती प्रत्येकाला सांगायची.

एक म्हातारी भडकली. "देवाची फुलं तुझ्या टोपल्यात टाकू? घाणीत?"

"आज्जी, तुमी घाणीतच टाकताय की," येसू म्हणाली. म्हातारीने एकदा तळ्याकडे बघितलं, एकदा टोपलीकडे, आणि तोंड वाकडं करून फुलं टोपलीत टाकली.

पण टोपलीभर फुलांचं करायचं काय? येसू ती घरी घेऊन आली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. फुलांचा वास आला तशी ती या कुशीवर वळली आणि टोपलीकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुझा आबा ती पारिजातकाखाली पुरायचा," ती म्हणाली. "दोरा काढून घ्यायचा आणि फुलं खड्ड्यात पुरायचा. तुला काय वाटलं, पाण्यात सोडतोय?"

येसूने मान हलवली. तिला खरंच तसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी आई स्वतः उठली आणि पारिजातकाखाली खड्डा खणायला आली. ती अजून फारसं बोलत नव्हती, पण खणत होती.

इतकं सगळं बरं चाललं असताना ठकूला ताप भरला. डास तिला रोज चावत होते, दुसरं काय होणार? पहिल्या दिवशी ती कण्हली. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ कोरडे पडले. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडेना. आबांचेही तीनच दिवस झाले होते. आई दाराची चौकट धरून उभी होती.

येसू धावत तळ्यावर गेली. "ठकूचा ताप घालवा," ती म्हणाली. तिने पाणी मोजलं नाही.

परीचा पंख लकाकला. झोपडीत ठकूला दरदरून घाम फुटला आणि तिने भाकरी मागितली. तळ्याचं पाणी मात्र एक वीत खाली गेलं. काठाचा चिखल उघडा पडला, आणि परी पहिल्यापेक्षा फिकी दिसायला लागली.

दाजीबा चक्कर मारायला आले तेव्हा बघून म्हणाले, "आटलंच की. बरं झालं, दगड कमी लागतील."

तुळशीचं लग्न लागलं. गावभर उसाची खोपटी उभी राहिली, पोरांनी चिंचा आवळे खाल्ले. येसूच्या घरी कुणी काही खाल्लं नाही. सकाळ झाली आणि दूर रस्त्यावर गाड्यांच्या बैलांचे घुंगरू ऐकू यायला लागले. तळ्यात वीतभर गढूळ पाणी होतं. परीने सांगितलेलं सगळं येसूने केलं होतं आणि तरीही ते पुरलं नव्हतं.

"याला झरा होता," परी म्हणाली. तिचा आवाज आता कसाबसा येत होता. "तुझ्या आबांना जागा ठाऊक होती. ते रोज पहाटे तो मोकळा करायचे. चिखलाखालचं मला दिसत नाही, बाळ."

"आबा तिथं श्वास घेत्यात," ठकू म्हणाली.

ती येसूच्या मागे उभी होती. तिने बोट दाखवलं. पलीकडच्या कोपऱ्यात, चिखलात, एक इवलासा बुडबुडा वर आला आणि फुटला. थोड्या वेळाने तिथेच दुसरा आला. वर्षभर रोज त्या पाण्याकडे बघत बसलेल्या पोरीलाच ते दिसलं होतं, आणखी कुणाला दिसणार?

येसूने फावडं उचललं. ठकू धावत जाऊन त्या जागेवर आडवी पडली. "तिथं खनू नगं. आबांना लागंल."

गाड्या फाटकापाशी आल्या होत्या. येसूच्या मनात आलं की अजून एक इच्छा शिल्लक आहे. ठकू आबांना विसरून जाऊ दे, इतकंच मागायचं. मग ती बाजूला होईल, रडणार नाही, दगड पडले तरी तिला काही वाटणार नाही. तिने परीकडे बघितलं. परीला तिच्या मनातलं कळलं होतं.

"तशी इच्छा मागता येते," परी म्हणाली.

येसूने फावडं खाली ठेवलं आणि ती चिखलात ठकूजवळ बसली.

"ठकू, मी खोटं बोलले. आबा तळ्यात न्हाईत. आबा ताप येऊन वारले. ते कुठंच न्हाईत."

ठकू उठून बसली. तिच्या गालाला चिखल लागला होता.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "ते कधीच काय बोलत न्हवते."

"मग रोज का बसायचीस?"

"मग सांगायचं कुणाला?"

येसूला रडू कोसळलं. ठकूही रडली. दोघी एकमेकींना धरून मनसोक्त रडल्या, गेलं वर्षभर ज्यासाठी रडायचं राहिलं होतं त्यासाठी. मग ठकूनेच डोळे पुसले, ती उठली आणि आपल्या छोट्या हातांनी त्या जागेचा चिखल उकरायला लागली.

आई आली. तिने पदर खोचला आणि फावडं घेतलं. हातभर खाली एक गच्च बोळा लागला, कुजलेल्या हारांचा आणि दोऱ्यांचा. कितीतरी दोऱ्यांना दुहेरी गाठी होत्या. तिघींनी मिळून तो ओढला. बोळा निघाला आणि खालून थंडगार, स्वच्छ पाण्याची धार उसळली.

दाजीबा गाड्या घेऊन काठाशी आले तेव्हा तिघी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि पाणी चढत होतं. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला. जरा हुंगून बघितलं. मग गाडीवानांना म्हणाले, "फिरवा गाड्या." आणि जाता जाता, काल संध्याकाळी आपणच गुपचूप तळ्यात टाकलेला तुळशीचा हार त्यांनी काठीने बाहेर काढला, पाठीमागे लपवला आणि आईला म्हणाले, "वहिनी, उद्यापासून तळ्याचं आणि बागेचं काम तुमच्याकडं."

परी एका चिमुकल्या, ठकूच्या तळहाताएवढ्या पानावर बसली होती. चिखल हलला तसं ते खालून वर आलं होतं. कमळाचं पान होतं, वर्षभरातलं पहिलं.

"एक इच्छा राहिली," ती म्हणाली. "आता पाणी भरपूर आहे. हवं ते माग."

येसूने विचार केला. आईला लुगडं हवं होतं, घराला छप्पर हवं होतं. तिने परीच्या फाटक्या पंखाकडे बघितलं.

"तुमचा पंख नीट होऊ दे," ती म्हणाली. "तो माझ्यामुळं फाटलाय."

परी तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं. मग चिरलेला पंख हळूहळू जुळायला लागला. त्यावर निळं उमटलं, मग हिरवं, मग कोवळं सोनेरी, आणि बघता बघता सगळं तळं चमचमायला लागलं.

"आता मी देते, न मागता," परी म्हणाली. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही. पण पाण्याला सांगितलेलं पाणी विसरत नाही. वर गाळ बसला होता, म्हणून त्याला बोलता येत नव्हतं. ऐका."

लख्ख, दुधाळ उजेड पसरला. तिघींनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा पानावर कुणी नव्हतं, नुसता एक थेंब डुलत होता. आणि कोपऱ्यातला झरा बोलायला लागला. आवाज आबांचा होता. पहाटे, पोरी झोपेत असताना, ते रोज झऱ्याशी जे बोलायचे ते होतं. येसूने आणि ठकूने ते कधीच ऐकलं नव्हतं.

"जरा हळू वाहा रे बाबा," आबा झऱ्याला सांगत होते. "माझ्या दोन चिमण्या निजल्यात अजून."

तेवढंच. एकदाच. आई पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून, वर्षभरात पहिल्यांदा, मुलींच्या देखत रडली.

ठकू पाण्यापाशी वाकली. रोज वाकायची तशीच.

"आबा," ती म्हणाली, "आमी उठलो."

तळं अजून आहे. कमळं कधी येतात, कधी येत नाहीत. पण पायरीवर टोपली असते, आणि टोपलीजवळ आळीपाळीने दोन बहिणी असतात. फुलं त्यांच्या हातात द्या, आणि पाण्याला जे सांगायचं असेल ते खुशाल सांगा. ते ठेवून घेतं.